वायरीवरचे प्लॅस्टिक आणि मज्जातंतूवरची पेशी

बारावीच्या वर्गात कपॅसिटर शिकवताना मी गेली कित्येक वर्षे मज्जातंतूचे उदाहरण देत आलो आहे. आपल्या शरीरातील मज्जातंतू म्हणजे विजेच्या वायरी, त्यांतून संदेश धावतात, आणि या वायरींवर मायलिन नावाचे स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते, अगदी आपल्या घरातील वायरीवर प्लॅस्टिक असते तसे. मुलांना हे चटकन पटते. मलाही ते सोयीचे वाटत असे.

मागच्या वर्षी याच तासाला मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. माझ्या उजव्या तळहातावरची जखमेची खूण आमच्या कॉलेजात सर्वांच्या ओळखीची आहे. रबरी बुचात काचेची नळी बसवताना ती मोडली आणि हातात घुसली, त्याची ती खूण. मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या बोटाची नस तुटली होती आणि ती पुन्हा वाढली असं तुम्हीच सांगितलंत. मग वायर तुटल्यावर प्लॅस्टिक तिला पुन्हा वाढवतं का?"

वर्ग हसला. मी "बस खाली, बघून सांगतो" म्हणालो. 'बघून सांगतो' हे शिक्षकांचे सर्वांत जुने औषध आहे. परंतु पुढचे काही महिने मी खरोखरच बघत राहिलो. पदार्थविज्ञानाच्या माणसाने जीवशास्त्राच्या पुस्तकांत डोके घालावे लागले. आणि आज माझे मत असे झाले आहे की, वायरीचे हे उदाहरण अर्धे सांगून थांबणे ही आम्हा शिक्षकांची चूक आहे. त्या चुकीची किंमत कोण मोजतो, ते पुढे येईलच.

आधी उदाहरणातला खरा भाग पाहू. मज्जातंतू म्हणजे अनेक धाग्यांची जुडी. त्यातील प्रत्येक धागा म्हणजे एखाद्या चेतापेशीची लांब शेपटी होय. तिला अक्षतंतू म्हणतात. अक्षतंतूच्या पातळ पापुद्र्याच्या आत आणि बाहेर क्षारांचे पाणी असते, म्हणजे मध्ये निरोधक आणि दोन्ही बाजूंना वाहक. हा कपॅसिटरच झाला. संदेश पुढे जायचा तर प्रत्येक ठिकाणी हा कपॅसिटर भारित व्हावा लागतो, आणि त्यात वेळ जातो. त्याभोवती मायलिनचे अनेक थर गुंडाळले की दोन वाहकांमधील अंतर वाढते. अंतर वाढले की धारिता घटते, हे आपण सूत्रातच शिकतो. धारिता कमी म्हणजे भार कमी लागतो, वेळही कमी लागतो. मायलिन सलग नसते. साधारण दर मिलिमीटरला त्यात एक सूक्ष्म फट असते आणि संदेश या फटीवरून त्या फटीवर उडी घेत जातो. कल्याणहून सुटलेली धीमी लोकल ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करीत ठाण्याला येते आणि जलद लोकल मधली बहुतेक स्टेशने गाळते, तसेच हे. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत संदेशाचा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर असतो. हाताच्या स्नायूंकडे जाणाऱ्या जाड, मायलिनयुक्त तंतूंत तो सेकंदाला ५० मीटरच्या वर जातो. पायाला ठेच लागली की आधी 'लागले' हे कळते आणि खरी कळ क्षणभराने येते, याचा तुम्ही अनुभव घेतलाच असेल. पहिली बातमी मायलिनवाल्या तंतूंनी आणलेली असते, दुसरी धीम्या गाडीने आलेली असते.

इथपर्यंत वायर ठीक. पण घरातील वायरीवरचे प्लॅस्टिक मृत असते. ते कारखान्यात एकदा चढवले की संपले. मायलिन हा मात्र एका जिवंत पेशीचा भाग आहे. ही पेशी अक्षतंतूच्या एका मिलिमीटरच्या तुकड्याला कवेत घेते आणि स्वतःचा पापुद्रा त्याच्याभोवती फिरवत राहते. कंबरेपासून पावलापर्यंत जाणारा एक मीटर लांबीचा तंतू घेतला, तर त्या एका तंतूच्या दिमतीला अशा सुमारे हजार पेशी झाल्या! जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान (१८१० ते १८८२) याच्या नावावरून यांना श्वान पेशी म्हणतात. सर्व प्राणी पेशींचे बनलेले असतात हे १८३९ साली मांडणारा तोच हा श्वान. मराठी वर्गात हे नाव उच्चारले की हशा पिकतो, हे मी अनुभवाने सांगतो. कुत्र्याशी या पेशीचा काही संबंध नाही. इमानाच्या बाबतीत मात्र नाव अगदीच चुकलेले नाही.

कारण तंतू तुटल्यावर काय घडते ते पाहा. १८५० साली ऑगस्टस वॉलर या संशोधकाने बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापले आणि दिवसेंदिवस त्यांचे निरीक्षण केले. चेतापेशीपासून तुटलेला पलीकडचा भाग काही दिवसांत तुकडे तुकडे होऊन विरून जातो, असे त्याला दिसले. म्हणजे तुटलेली दोन टोके नुसती शिवून भागत नाही. पलीकडची वायर मुळी उरतच नाही. अलीकडच्या टोकातून नवा तंतू फुटून पूर्ण अंतर नव्याने चालून जायचे असते.

पलीकडे अक्षतंतू नाहीसा होतो, पण श्वान पेशी जागेवरच राहतात. आपला तंतू गेला हे त्यांना कळते आणि त्या आपला धंदाच बदलतात. वेष्टन करण्याचे काम थांबते. ज्या मायलिनसाठी एवढी मेहनत घेतली ते त्या स्वतःच मोडून पचवू लागतात, रक्तातील भक्षक पेशींना हाक मारून उरलेला कचरा साफ करवून घेतात, विभाजनाने आपली संख्या वाढवतात आणि एकामागे एक रांग लावून उभ्या राहतात. नव्या तंतूने चालायची वाट ती हीच. आणि त्याच वेळी या पेशी वृद्धिघटक स्रवू लागतात.

वृद्धिघटक म्हणजे काय? हे प्रथिनांचे रेणू असतात. ज्या चेतापेशीला ते मिळतात ती जगते व वाढते. यातला पहिला रेणू हाती लागला त्याची कथा प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. इटलीतील तुरिन शहरातील रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या तरुण ज्यू डॉक्टर महिलेला १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठाचे दार बंद झाले. तिने घरातील आपल्या झोपण्याच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून हत्यारे केली आणि कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर प्रयोग चालू ठेवले. युद्धानंतर ती अमेरिकेत सेंट लुईसला गेली. तेथे १९५० च्या दशकात, चेतातंतूंना फुटवे आणणारा एक पदार्थ असतो हे तिने दाखवले आणि स्टॅनली कोहेन यांनी तो वेगळा केला. तोच मज्जातंतू-वृद्धिघटक, संक्षेपाने एनजीएफ. दोघांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मुलीच्या प्रश्नाचा गाभा येतो. निरोगी, प्रौढ मज्जातंतूतील श्वान पेशी एनजीएफ जवळजवळ तयारच करीत नाहीत. तंतू कापला की त्या तो तयार करू लागतात. म्युनिकजवळच्या हान्स ट्योनेन यांच्या गटाने १९८७ साली उंदरांच्या जातीच्या प्राण्यांवर दाखवले की ही वाढ दोन टप्प्यांत होते. पहिली उसळी काही तासांतच येते आणि ओसरते. दुसरी दोन-तीन दिवसांनी, भक्षक पेशी येऊन पोचल्यावर येते आणि टिकते. भक्षक पेशींनी सोडलेला इंटरल्युकिन-१ हा रेणू ही दुसरी उसळी घडवतो. दुसरा एक वृद्धिघटक, बीडीएनएफ, सावकाश वाढत काही आठवड्यांनी शिखर गाठतो. आणि सीएनटीएफ नावाचा तिसरा नेमका उलट वागतो. मायलिन बनवणाऱ्या निरोगी श्वान पेशीत तो भरपूर असतो, जखम झाली की त्याचे उत्पादन घसरते आणि नवा तंतू आल्यावर पुन्हा चढते. एक नळ उघडतो तेव्हा दुसरा बंद होतो. शिवाय जखमेनंतर श्वान पेशी आपल्या अंगावर एनजीएफ पकडून ठेवणारे ग्राही रेणूही वाढवते. वाटेवर जागोजागी शिधा मांडून ठेवावा तसा हा प्रकार असावा, असा तर्क संशोधकांनी केला.

हे सगळे करण्याची आज्ञा मेंदूकडून येत नाही. आपल्या कवेत तंतू आहे की नाही, मायलिन धड आहे की नाही, शेजारी कोण आले आहे, यावरून ती पेशी आपले आपण ठरवते. असे प्लॅस्टिक कोणत्या कारखान्यात बनते?

एक प्रयोग मला फार आवडला. पाठीच्या कण्यातील तंतू तुटले तर सहसा वाढत नाहीत. तेथे श्वान पेशी नसतात, मायलिनचे काम दुसऱ्या जातीच्या पेशी करतात. दोष तंतूंचा की शेजाऱ्यांचा? १९८१ साली कॅनडातील मॉन्ट्रियलच्या डेव्हिड आणि आग्वायो यांनी उंदीर जातीच्या प्राण्याच्या पायाकडील मज्जातंतूचा तुकडा, म्हणजे श्वान पेशींची आयती रांग, मेंदूचा खालचा भाग आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये पुलासारखा बसवला. 'न वाढणारे' तंतू त्या पुलातून सुमारे ३० मिलिमीटर वाढले. कुवत होती, सोबत नव्हती.

आता माझ्या तळहाताकडे येतो. तर्जनीकडे जाणारा मज्जातंतू तुटला होता. शल्यचिकित्सकांनी दुसऱ्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली तो शिवला. बोट बधिर. घरी बसून काय करायचे म्हणून मी रोज जखमेपासून पुढे पेन्सिलीच्या बोथट टोकाने टिचक्या मारीत असे. वाढत्या तंतूच्या टोकावर टिचकी बसली की बोटात मुंग्या आल्यासारखे वाटते. डॉक्टर याला टिनेलची खूण म्हणतात. दर रविवारी मी ती जागा बॉलपेनाने टिपून अंतर मोजले. पहिले तीन-चार आठवडे खूण हललीच नाही. मी निराश झालो. त्यानंतर ती आठवड्याला ६-७ मिलिमीटर पुढे सरकू लागली. आलेख काढला तर जवळजवळ सरळ रेषा आली. उतार दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, पुस्तकात देतात तेवढाच. पण रेषा आरंभबिंदूतून जात नव्हती. त्या वेळी मला वाटले की माझ्या मापनातच चूक आहे. आता कळते की त्या मोकळ्या आठवड्यांत टाक्यांपाशी तंतू चाचपडत होते आणि पलीकडे साफसफाई, रांगा लावणे आणि शिधा मांडणे चालू होते. आलेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग तोच होता आणि मी त्याला त्रुटी समजून बसलो होतो.

या सरळ रेषेत एक धोका दडलेला आहे. माझे अंतर आठ-नऊ सेंटिमीटरचे होते. समजा, मोटारसायकलच्या अपघातात एखाद्याचा तंतू खांद्यापाशी तुटला. खांद्यापासून हाताच्या पंजापर्यंत ६० सेंटिमीटर धरा. दिवसाला १ मिलिमीटर या वेगाने ६०० दिवस लागतील, म्हणजे वीस महिने. श्वान पेशी एवढे थांबतात का? दुर्दैवाने नाही. कित्येक महिने तंतूची वाट पाहून त्या थकतात, वृद्धिघटकांचे उत्पादन घटत जाते, पेशींची संख्याही रोडावते. तंतू उशिरा पोचतो तेव्हा वाट बुजलेली असते, शिधा संपलेला असतो. तिकडे स्नायूही वाळलेला असतो. म्हणून वरच्या भागातील जखमा वाईट रीतीने भरतात. कारण 'नस मेली' हे नसून वेळ टळली हे असते.

मग वृद्धिघटक बाहेरून टोचून का देऊ नयेत? हे करून पाहिलेले आहे. मधुमेहाने मज्जातंतू बिघडलेल्या सुमारे हजार रुग्णांना एनजीएफ टोचून घेतलेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. फायदा दिसला नाही. टोचल्या जागी दुखणे मात्र वाढले, कारण वेदनेचे तंतू संवेदनशील करणे हाही एनजीएफचा एक गुण आहे. दुसरा अनुभव आणखी बोलका आहे. प्राण्यांच्या तुटलेल्या मज्जातंतूत एकाच जागी जीडीएनएफ नावाचा वृद्धिघटक अतोनात तयार होईल अशी व्यवस्था केली, तर तंतू तेथे येतात आणि तेथेच गुरफटून बसतात, पुढे जातच नाहीत. संशोधकांनी याला 'मिठाईच्या दुकानाचा परिणाम' असेच नाव दिले आहे. किती, कुठे आणि केव्हापर्यंत, हे ठरवणे हेच श्वान पेशीचे खरे कसब आहे. ते आपल्याला अजून साधलेले नाही.

तंतू न तुटताही मायलिन बिघडू शकते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे आजाराची साथ आली आणि दोनशेहून अधिक जण आजारी पडले, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. पोटाच्या संसर्गानंतर शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, तेव्हा हा आजार होतो. त्याच्या एका प्रकारात मार बसतो तो मायलिनला. आत तंतू शाबूत असतो, पण संदेश अडखळतो आणि माणूस लुळा पडतो. श्वान पेशी नवे मायलिन गुंडाळतात, पूर्वीपेक्षा पातळ आणि आखूड तुकड्यांचे. तरी तेवढ्याने बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात. याउलट शार्को-मारी-टूथ या आनुवंशिक विकाराच्या नेहमीच्या प्रकारात श्वान पेशीतच जन्मजात दोष असतो. तेथे तंतू तुटलेला नसतानाही त्या पेशी जखमी मज्जातंतूतील पेशींसारखी काही लक्षणे सतत दाखवत राहतात. संकटाची घंटा वाजते आणि थांबतच नाही.

परंतु आपल्या भागात, ठाणे-कल्याण पट्ट्यात, श्वान पेशीची सर्वांत मोठी कहाणी वेगळीच आहे. ठाकुर्ली सोडून गाडी कल्याणला शिरण्यापूर्वी पत्रीपूल लागतो. त्या भागात हनुमाननगर ही कुष्ठरोगातून बरे झालेल्यांची वसाहत आहे. या लोकांसाठी काम केल्याबद्दल डोंबिवलीचे, नौदलातून निवृत्त झालेले गजानन माने यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मी रोज त्या पुलाखालून जातो. आणि बाधितांची बोटे 'झडतात' असे मलाही लहानपणापासून वाटत होते, हे कबूल केले पाहिजे.

बोटे झडत नाहीत. हान्सेनने १८७३ साली नॉर्वेत शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू राहतो कुठे? मुख्यतः श्वान पेशीत! कोपर, मनगट, घोटा अशा त्वचेलगतच्या, थोड्या थंड जागी, मज्जातंतूच्या आत तो घर करतो. त्याची वाढ अतिशय मंद असते, एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस लागतात. श्वान पेशीच्या बाहेरच्या आवरणाला चिकटण्यासाठी त्याच्याजवळ खास रेणू आहे. आत गेल्यावर तो पेशीच्या कामकाजात ढवळाढवळ करतो. २०१३ सालच्या एका संशोधनात तर असे दिसले की उंदरांमध्ये तो श्वान पेशीची ओळखच पुसून तिला मूलपेशीसारखी करून टाकतो. ज्या पेशीने संकटात मदत करायची, तीच अशी शत्रूच्या ताब्यात जाते. मग संवेदना जाते, आणि संवेदना गेलेला हात गरम तव्यावर टेकला तरी कळत नाही. भाजणे, कापणे, चिघळणे हे वर्षानुवर्षे चालते आणि बोटे आखूड होतात ती या दुर्लक्षित जखमांनी.

हे समजून घेण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरुग्णालय १८९० साली सुरू झाले. ते ज्याच्या नावाने ओळखले जाते तो पालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ म्हणजे शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारा तोच अ‍ॅकवर्थ. असो. पुढे कुष्ठरुग्णांच्या हातांवर, चेहऱ्यावर पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया करणारे डॉ. नोशिर अंतिया यांनी वरळीला फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था उभी केली. तेथे डॉ. वनजा शेट्टी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कुष्ठरोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील मज्जातंतू अभ्यासले. आणि १९९४ साली डॉ. प्रवीण आनंद, मुंबईचे डॉ. बी. एस. सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात दाखवले की कुष्ठबाधित त्वचेत एनजीएफचे प्रमाण घटलेले असते. संवेदना जाण्यामागे हेही एक कारण असावे, असा त्यांचा विचार होता. रिटाबाईंच्या झोपण्याच्या खोलीत सुरू झालेला धागा असा आपल्या मुंबईपर्यंत पोचतो.

आता ज्या किमतीचा उल्लेख सुरुवातीला केला, तिच्याकडे येतो. १९८० च्या दशकापासून कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार आहे. सरकारी दवाखान्यांत तो मोफत मिळतो. सहा ते बारा महिन्यांत रुग्ण बरा होतो, आणि औषध सुरू होताच तो इतरांना संसर्ग देईनासा होतो. तरीही देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात. औषध जंतू मारते. पण जंतू मेला म्हणून तंतू उगवत नाही. मज्जातंतू दुबळा होऊन सहा महिने व्हायच्या आत प्रेडनिसोलोन देऊन सूज आवरली तर संवेदना व ताकद परतण्याची आशा असते. त्यापुढे ती झपाट्याने घटते. ही सहा महिन्यांची मर्यादा डॉक्टरांनी अनुभवातून घातलेली आहे. थकत जाणाऱ्या श्वान पेशींच्या हिशेबाशी ती ताडून पाहावी असे मला वाटते, आणि हा माझा विचार म्हणूनच वाचावा.

माणसे हे सहा महिने घालवतात, कारण चट्टा दुखत नाही. 'दुखत नाही ना, मग राहू दे,' असे आपल्याकडे घरोघरी म्हटले जाते. न दुखणे हेच येथे लक्षण आहे, हे ज्याने मज्जातंतू म्हणजे वायर एवढेच शिकले त्याला कसे सुचावे? त्याच्या लेखी वायर चालू असते किंवा तुटलेली असते. तिसरी अवस्था नाही, मुदत नाही. दरवर्षी ३० जानेवारीला कुष्ठरोगविरोधी दिन पाळला जातो, प्रतिज्ञा होतात, भित्तिपत्रके लागतात. दयेवर भर असतो. मला दया नको आहे असे नाही, पण त्या दिवशी फळ्यावर श्वान पेशीची एक आकृती काढली तर दयेपेक्षा ती अधिक काम करील असे माझे मत आहे. आकृतीत मायलिनच्या पट्ट्यावर पेशीचे केंद्रक अवश्य दाखवावे. आपण नेमके तेच गाळतो आणि वेष्टन मृत होऊन बसते.

काही जण म्हणतील की अभ्यासक्रम आधीच फुगलेला आहे, त्यात आणखी एक पेशी कशाला? मी स्वतः जूनपासून पोर्शनमागे धावणारा शिक्षक आहे, मला ही अडचण कळते. पण यासाठी नवा धडा नको. मायलिन शिकवतानाच दहा मिनिटे जास्त द्यावी लागतील. उरलेले काम शिक्षकाच्या डोळ्यांचे. वर्गातील एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर त्याला चारचौघांत काही न विचारता घरच्यांशी बोलावे. डॉक्टर अगदी साधी परीक्षा करतात. डोळे मिटवून चट्ट्यावर कापसाचे टोक हळूच टेकवतात आणि कुठे स्पर्श झाला ते बोट लावून दाखवायला सांगतात. बहुतेक चट्टे गजकर्णाचे नाहीतर दुसऱ्याच कशाचे तरी निघतील. हरकत नाही, त्यांनाही मलम लागतेच.

मुलीला मी उत्तर दिले, तेव्हा आलेखाची वहीच वर्गात नेली होती. तिने रेषा पाहिली, मग ती आडव्या अक्षाला जिथे छेदते तिथे बोट ठेवून विचारले, "सर, हे चार आठवडे कमी करता येतील का?" यावर जगात काम चालू आहे, एवढेच मी सांगू शकलो. ती आता पुढच्या शिक्षणासाठी ठाण्याला जाते. माझ्या तर्जनीच्या टोकाचा शेवटचा सेंटिमीटर अजून बोथटच आहे. खिशातील दोन रुपयांचे आणि पाच रुपयांचे नाणे मला त्या बोटाने ओळखता येत नाही, मधल्या बोटाने येते.